परबमामा, तीन इंजेक्शनांवर का थांबलात?

परबमामा, आज सकाळी माझं चौदावं इंजेक्शन झालं. पोटावर आता टोचायला जागा उरलेली नाही. बेंबीच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्यात, परकराची नाडी बांधली तरी कळ येते. नर्स म्हणाली, "सुटलात बाई." मी हसले. पण मामा, मी सुटलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, अजून काही महिने लक्ष ठेवायचं. ऑफिसात हाताला मुंग्या आल्या तरी मी खुर्चीतून उठते. पाण्याचा पेला तोंडाला लावताना आधी घसा आवळतोय का ते बघते आणि मग घोट घेते. दिवसातून दहा-बारा वेळा पाणी पिते मी, तहान नसताना. नुसती खात्री करून घ्यायला.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी इतकी भांडलेय, की कागदावर उतरवल्याशिवाय डोकं थाऱ्यावर येणार नाही. आपल्या कुत्र्यांच्या वर्गातली माणसं रस्त्यात भेटतात. म्हणतात, मास्तर म्हणजे देवमाणूस. मला ते ऐकवत नाही. तुम्ही हट्टी होतात, मामा. आणि मी भित्री. आणि एका संध्याकाळी मला तोंड उघडायचं होतं, तेव्हा मी ते उघडलं नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला आणि मला सोडून.

तुमची माझी ओळख झाली ती कप्तानमुळे. माझ्या नवऱ्याने, शरदने, मस्कतला नोकरीला जायच्या आधी अल्सेशियनचं पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं होतं. "घरात एकटी राहणार तू. तळमजला आहे. सोबत होईल." त्याला सांगून दमले मी, की मला कुत्र्याची भीती वाटते. तो म्हणाला, "पिल्लाला काय भ्यायचं?" पिल्लू आठ महिन्यांत माझ्या कमरेएवढं झालं. मी त्याची ताटली छत्रीच्या टोकाने पुढे ढकलायची. आतल्या खोलीचं दार लावून जेवायची. वॉचमन त्याला फिरवून आणायचा. तो गावी निघाला तेव्हा माझा चेहरा बघून त्यानेच सांगितलं, "बाई, मिठागराच्या अलीकडच्या मैदानात रविवारी कुत्र्यांची शाळा भरते. तिथले मास्तर विक्रोळीहून येतात. त्यांना भेटा."

मी कप्तानला घेऊन आले म्हणण्यात अर्थ नाही, त्याने मला ओढत आणलं होतं. तुम्ही खाकी हाफ पँट आणि कॅनव्हासचे बूट घालून मैदानात बांबू रोवत होतात. मान वर न करताच विचारलंत, "कुत्रा कोणाचा?"

"मिस्टरांचा."

"मिस्टर खंय?"

"मस्कतला."

"मग कुत्रा तुझा." आणि साखळी माझ्या हातातून न घेता नुसती पकड बदलून दिलीत. "मनगटाला गुंडाळू नको. ओढलं तर हात जाईल."

तुमच्या शाळेत तीन इयत्ता होत्या. बालवाडी, चौथी आणि मॅट्रिक. बालवाडीत बसायचं, थांबायचं, मालकाच्या डाव्या पायाशी चालायचं आणि जमिनीवर आडवा टाकलेला बांबू न घाबरता ओलांडायचा. चौथीत तोच बांबू गुडघ्याएवढ्या उंचीवर जायचा, आणि दोन्ही तोंडं कापलेल्या तेलाच्या पिंपातून आरपार निघायचं. मॅट्रिक म्हणजे साखळी सोडून सगळं. टांगलेल्या टायरमधून उडी, विटांवर ठेवलेली डुगडुगती फळी, रोवलेल्या बांबूंमधून नागमोडी पळणं, आणि शेवटी दोन दारं एकमेकांना टेकवून केलेला उतरता-चढता डोंगर. हे सगळं कुत्र्याने करायचं आणि मालकाने शेजारून धावत सांगत जायचं. तुम्ही नोकरीला होतात त्या कारखान्यातल्या साहेबाच्या बंगल्यावर तुम्ही कुठल्याशा विलायती मासिकात फोटो पाहिले होतेत. तिकडे हा नवा खेळ निघालाय म्हणालात. पहाऱ्याची कुत्री सांभाळण्यात बावीस वर्षं गेली, पण त्या कुत्र्यांना कधी खेळायला मिळालं नाही. निवृत्त झाल्यावर तुम्ही भंगारातून पिंप आणलंत.

पहिल्याच दिवशी तुम्ही कप्तानला दोन फेऱ्या मारून आणलंत आणि सगळ्यांदेखत निकाल लावलात. "कुत्रा महिन्याभरात चौथीत जाईल. बाई मात्र बालवाडीतच."

सगळे हसले. मला रडू फुटलं. तुम्ही मग बाजूला येऊन उकिडवे बसलात आणि विचारलंत, "भितंस कित्याक गो?"

मी तुम्हाला घाटकोपरची गोष्ट सांगितली. सात वर्षांची असताना शाळेच्या वाटेवर कुत्र्याने पोटरी फोडली. चौदा दिवस वडील मला खांद्यावर टाकून दवाखान्यात न्यायचे. दोन बायका पाय धरायच्या. आमच्या चाळीतल्या पोरी माझ्याशी महिनाभर खेळल्या नाहीत, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही आता भुंकेल. मीही रोज रात्री उशीत तोंड खुपसून आवाज काढून बघायची, भुंकल्यासारखा येतो का ते.

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बावीस वर्षं मी रोज पिंजरा उघडला. रोज पोटात खड्डा पडायचा. ज्या दिवशी पडला नाही, त्या दिवशी चावला." शर्टाची बाही वर करून दंडावरचा पांढरा व्रण दाखवलात. "भीती असू दे. फक्त ती साखळीतून कुत्र्यापर्यंत उतरता कामा नये."

मामा, हेच माझं तुमच्याशी भांडण आहे. मला जे शिकवलंत ते तुम्ही स्वतः का विसरलात?

तीन रविवार मी कप्तानशेजारी नुसती उभी राहिले. चौथ्या रविवारी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती आणि आतून थरथरत होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की तोही मला भितो. दिवाळीपर्यंत मी त्याच्यासोबत पिंपापर्यंत धावायला लागले. घरी आतलं दार उघडं राहायला लागलं. टेलिफोन एक्सचेंजमधल्या मैत्रिणींना खरं वाटेना. तुम्ही जाहीर केलंत, मकरसंक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मैदानात अडथळ्यांची शर्यत भरवायची. तिन्ही इयत्तांची. लोकांना बोलवायचं. मॅट्रिकला बसणार फक्त तीन कुत्री, त्यात कप्तान.

मग ती डिसेंबरातली सकाळ आली.

मी फळीजवळ होते. कप्तान एक पाय फळीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. खारफुटीच्या बाजूने एक तपकिरी कुत्री येताना दिसली. पळत नव्हती, भुंकत नव्हती. सरळ रेषेत चालत होती, कुणीतरी आखून दिल्यासारखी. खालचा जबडा लोंबत होता. तुम्ही मैदानाच्या त्या टोकाहून ओरडलात, "आपापली कुत्री घ्या! कडेला व्हा सगळे!" सगळे झाले. मी झाले नाही. मला पाय हलवता येईनात. मी पुन्हा सात वर्षांची झाले होते आणि माझ्या पोटरीचं मांस माझं राहिलं नव्हतं. साखळी कधी मनगटाला गुंडाळून घेतली तेही मला कळलं नाही. कप्तान हिसके देत होता आणि मी त्याला खुंटीसारखी धरून ठेवली होती.

तुम्ही धावत मधे आलात. हातात बांबू होता, पण तो उगारायला वेळ मिळाला नाही. तिने तुमचा उजवा हात मनगटाच्या वर धरला. आवाज झाला नाही. तुम्हीही ओरडला नाहीत. तिचा जबडा डाव्या हाताने सोडवलात, आणि ती जशी आली तशीच सरळ रेषेत रस्त्याकडे निघून गेली. पुन्हा कुणालाच दिसली नाही.

तुम्ही नळावर गेलात आणि कपड्यांच्या साबणाची वडी अर्धी संपेपर्यंत हात धूत राहिलात. मी शेजारी उभी राहून दातांच्या खुणा मोजत होते. चार होत्या. "मामा, इंजेक्शनं," मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "माहीत हा माका." खरंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्री सापडत नाही म्हणजे पूर्ण चौदा घ्यायची, एकही चुकवायचं नाही. आणि इंजेक्शनं चालू असताना आणि नंतरही काही आठवडे धावपळ, मेहनत काही करायची नाही, अंगावर येतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे आलात. कप्तान तुमच्या पायाशी बसला. मी चहा केला. तुम्ही म्हणालात, "तीन झाली. मी बंद करतंय."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"डॉक्टर म्हणतो धावायचं नाही. शर्यत अंगावर आलीय. मॅट्रिकची कुत्री आता सोडली तर वर्षाची मेहनत फुकट जाईल."

"मग शर्यत पुढे ढकला."

"फेब्रुवारीनंतर मैदान मिळणार नाही, पुन्हा तयारीला वेळच उरत नाही. तिथे माती टाकायला घेतायत." तुम्ही हाताची पट्टी सोडून दाखवलीत. जखम सुकत आली होती. "पिसाळलेली नव्हती गो ती. भुकेली होती. जबड्यात हाड अडकलं असेल. मी आयुष्यभर कुत्री बघितलीत. माका काय होवचा नाय."

तुम्ही बशीत चहा ओतलात आणि थोडा वेळ फुंकत राहिलात. मग म्हणालात, "तू नको म्हणालीस तर उद्या जाईन. सांग."

मामा, तुम्ही विचारलंत. माझं ऐकलं असतंत की नाही हे मला कधीच कळणार नाही, पण विचारलंत हे खरं आहे. आणि मी काय केलं? मी कप्तानकडे बघितलं. शरदला पत्रात लिहून टाकलं होतं, की मी कुत्र्याबरोबर धावते, माझे फोटो पाठवीन. ज्या बाईला बालवाडीत बसवून सगळे हसले होते, ती मॅट्रिकला उतरणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचा तरी अभिमान वाटायला लागला होता. मी म्हणाले, "तुम्हाला जास्त कळतं."

एवढंच म्हणाले मी.

जाताना तुम्ही दारात थांबलात. "मामीला सांगू नको. तिला तारेने कापलं म्हणून सांगितलंय. उगाच घर डोक्यावर घेईल." मी मान हलवली. तेवढ्यावरही भागलं असतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामींनी मला विक्रोळीला बोलावलं. वाण देता देता त्यांनी हळूच विचारलं, "हाताक काय लागला गो त्यांच्या? माका धड सांगणत नाय."

"तार लागली, मामी. मैदानातली. मी होते ना तिथे."

त्यांनी माझ्या हातात तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "मग ठीक."

शर्यत झाली. ती कशी झाली हे तुम्हाला सांगायला नको, पण मला लिहायचं आहे, कारण या सगळ्यातला तेवढा एकच दिवस मी न घाबरता आठवू शकते. शेजारच्या सोसायट्यांतून माणसं आली होती. बालवाडीतलं एक पामेरियन बांबूवर जाऊन बसलं आणि उठेना. चौथीतलं एक कुत्रं पिंपात शिरलं आणि आतच झोपलं. तुम्ही कर्ण्यावरून सांगत होतात, "हा विद्यार्थी नापास नाही, हा विचार करतोय!" मग आमची पाळी आली. टायर, फळी, बांबू, सगळं झालं. दारांच्या डोंगराशी कप्तान अडला. वर चढून खाली बघायला लागला आणि मीही थांबले. तेव्हा तुम्ही कर्णा टाकून माझ्या बाजूने धावत आलात, साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, मिशा उडतायत, आणि दोघांनाही एकदम ओरडलात, "चला पोरांनो!" आम्ही तिघं एकदम खाली उतरलो. तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून हसत होतात. तुम्हाला धाप लागली होती. मला आठवतंय, त्या क्षणी मी तुमच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्यानंतर मी ती कुत्री चावल्यापासूनचे दिवस मोजत होते. तुम्हाला सांगितलं नाही. दीड महिना झाला. दोन महिने झाले. मला वाटायला लागलं, तुमचंच बरोबर होतं, ती भुकेलीच असेल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तुम्ही बालवाडीला शिकवताना सारखा उजवा हात चोळत होतात. मी विचारलं. म्हणालात, "मुंग्या येतायत. झोपेत अंगाखाली आला असेल." मग आपण सगळे चहावाल्याकडे गेलो. तुम्ही ग्लास उचललात, ओठांपर्यंत नेलात आणि हात थांबला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात. घशातून एक विचित्र आवाज आला, उचकीसारखा. चहा शर्टावर सांडला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बाकीचे गप्पा मारत होते, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. बावीस वर्षं कुत्र्यांत काढलेला माणूस, तुम्हाला समजावून सांगायला कुणाची गरज नव्हती. आणि मला तर सातव्या वर्षापासून माहीत होतं. इतकी भीती मी तोवर कुणाच्याच डोळ्यांत पाहिली नव्हती, मामा. ग्लास बाकावर ठेवलात, खूप सांभाळून. आणि म्हणालात, "कप्तानला घेऊन घरी जा."

मी गेले. तेही केलं मी. तुम्हाला त्या बाकावर सोडून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला इस्पितळात नेलं. कुत्रं चावलं होतं हे मामींना डॉक्टरांकडूनच कळलं. मी संध्याकाळी आले तेव्हा खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. पंखा बंद होता, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही तुमचा घसा आवळत होता. मामी दाराबाहेर स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तुम्ही शुद्धीत होतात. मधेच पूर्ण शुद्धीत यायचात, हे सगळ्यात भयंकर होतं. मला बघून भिंतीकडे सरकलात.

"लांब रव. लागी येव नको."

"मामा, मी आहे."

"म्हणूनच सांगतंय. मी चावंन."

ज्या माणसाने मला कुत्र्याजवळ जायला शिकवलं, तो मला स्वतःपासून लांब ठेवत होता. मग झटका आला. तोंडातून लाळ गळायला लागली, आणि मी काही विचार न करता पुढे होऊन पदराने पुसली. पदर सुटला तेव्हा हाताने पुसली. धीट होते म्हणून नाही. मला वाटलं, तुम्हाला अशी लाळ गळलेली आवडणार नाही. माझ्या तळहातावर साखळीने गेलेला चरा होता, आदल्या दिवशीचाच. वॉर्डबॉयने तो बघितला आणि मला ओढून बाहेर काढलं.

बुधवारी सकाळी तुम्ही गेलात.

मला आणि मामींना एकाच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. त्यांनी तुमचं उष्टं ताट धुतलं होतं, तुम्हाला भरवायचा प्रयत्न केला होता. रोज सकाळी आठला आम्ही दोघी दवाखान्यातल्या त्याच बाकावर. पहिले पाच दिवस मामी माझा हात धरून बसायच्या. त्यांचा समज होता, कुत्रं दुसरीकडेच कुठेतरी चावलं आणि तुम्ही ते माझ्यापासूनही लपवलंत. मला समजवायच्या, "तुझा काय्येक चुकला नाय गो. तू बाहेरची असून त्यांचा तोंड पुसलंस." मला ते सुईपेक्षा जास्त टोचायचं. इकडे सोसायटीची माणसं दारात येऊन म्हणत होती, कुत्रा कुठेतरी सोडून या. ती कुत्री कप्तानला शिवलीसुद्धा नव्हती हे सांगून मी दमले. आणि खरं सांगायचं तर घरात रात्री मीही आतलं दार पुन्हा लावायला लागले होते. तो दाराबाहेर नखांनी ओरबाडायचा आणि मी पलंगावर पाय वर घेऊन बसायची.

सहाव्या दिवशी मी मामींना सांगितलं. बाकावर, रांगेत, पुढे चार माणसं असताना. कुत्री कशी आली, मी कशी थिजले, तुम्ही मधे कसे आलात. तीन इंजेक्शनं. शर्यत. "तू नको म्हणालीस तर जाईन," हे तुमचे शब्द. माझं "तुम्हाला जास्त कळतं." आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं खोटं.

त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. उठल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून.

सात दिवस त्या तिथेच बसल्या. मी या बाकावर, त्या त्या बाकावर. तुमच्या तेराव्याला मी आले नाही, मला तोंड नव्हतं. रोज वाटायचं, आज येणारच नाहीत. पण आठ वाजले की यायच्या, पांढऱ्या साडीत, केसपेपर पिशवीत घालून. त्यांना आत सुई टोचताना मी बाहेर त्यांचं कण्हणं ऐकायची. माझी पाळी त्यांच्यानंतर असायची. त्या पोट धरून माझ्यासमोरून निघून जायच्या.

या सात दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, माहीत आहे? रोग होण्याची नाही. मी वाचेन आणि मामी तिथेच बसलेल्या राहतील, याची.

आज शेवटचा दिवस. मी आले तेव्हा मामी आधीच आलेल्या होत्या, पण आज त्या आपल्या बाकावर नव्हत्या, माझ्या बाकावर होत्या. मला कळेना, बसावं की उभं राहावं. त्यांनी पिशवी उचलून जागा केली. मी बसले. बराच वेळ समोर कंपाउंडर औषधाच्या बाटल्या पुसत होता, आम्ही दोघी ते बघत राहिलो.

मग त्यांनी विचारलं, "त्या रविवारी, शर्यतीक, ते धावले?"

"हो मामी."

"कसे?"

मी सांगितलं. पामेरियन, पिंप, कर्णा, सगळं. तुम्ही दारांच्या डोंगराशी धावत आलात ते. "चला पोरांनो" ओरडलात ते. गुडघ्यांवर हात ठेवून हसत उभे राहिलात ते. सांगताना मला रडू येत होतं, त्यांना येत नव्हतं.

"खुश होते?"

"हो."

"खूप?"

"खूप, मामी. मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं."

त्या म्हणाल्या, "तरी माझो राग काय आता जाणा नाय. तुमच्या दोघांवरचो." आवाज चढला नव्हता. "माका एक शब्द सांगलास असतो तर मी त्यांना ओढीत हाडलं असतं हंय. शर्यत गेली खड्ड्यात. तुका ठावक होता ना, मी हाडलं असतं?"

"हो मामी. माहीत होतं."

"माफबिफ माका जमाचा नाय, शैला."

"नको, मामी."

आतून नर्सने आज आधी माझं नाव पुकारलं. मी उठले. सातव्या वर्षी वाटायची तेवढीच भीती वाटत होती, शेवटचं इंजेक्शन म्हणून काही वेगळं वाटत नव्हतं. मामींनी माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या मांडीवर ठेवली.

"जा तू," त्या म्हणाल्या. "मी हंयच आसंय."